'बार' : शब्द एक, घराणी अनेक

शब्द लहान असला म्हणजे तो समजायलाही सोपा असतो, असे आपल्याला वाटते. पण नेहमीच तसे नसते. 'बार' हा दोन अक्षरी शब्द पाहा. तो उर्दूत आहे, मराठीत आहे, फारसीत आहे. इंग्रजी आणि जर्मन भाषांतही आहे. हे सगळे 'बार' एकाच घराण्यातले आहेत का?

प्रथम तुमच्या ओळखीचा 'बार' घेऊ. 'एक बार', 'बार बार' असे तुम्ही उर्दूत म्हणता. हा शब्द संस्कृतमधील 'वार' या शब्दापासून आला. 'वार' म्हणजे पाळी किंवा खेप. मराठीतल्या 'वारंवार' या शब्दात तोच आहे. मात्र 'मी त्याला दोन बार सांगितले' असे मराठीत म्हणत नाहीत. 'दोनदा सांगितले' किंवा 'दोन वेळा सांगितले' असे म्हणतात. मराठीत 'बार' म्हणजे बंदुकीत भरलेली दारू किंवा ती उडाल्याचा आवाज. 'दोन बार झाले' असे तुम्ही म्हणालात, तर ऐकणाऱ्याला वाटेल, कोणीतरी बंदूक उडवली!

आता फारसीकडे वळू. फारसीत 'बार' म्हणजे ओझे. 'कलमदान' म्हणजे कलम ठेवण्याचे साधन, तसे 'बारदान' म्हणजे माल भरण्याचे साधन. धान्याच्या रिकाम्या पोत्यांना मराठी व्यापारीही बारदानच म्हणतात. फारसी 'बार' आणि संस्कृत 'भार' ही सख्खी भावंडे आहेत. फारसीत आणखी एक 'बार' आहे. त्याचा अर्थ राजासमोर येण्याची परवानगी. 'दर' म्हणजे दार. या दोन शब्दांपासून 'दरबार' झाला.

इंग्रजीतला 'बार' म्हणजे दांडा किंवा आडवा कठडा. इंग्लंडच्या न्यायालयात न्यायाधीशांसमोर असा कठडा असे. त्यावरून वकिलांच्या वर्गाला 'बार' हे नाव पडले आणि 'बॅरिस्टर' हा शब्द तयार झाला. बद्रुद्दीन तय्यबजी १८६७ साली लंडनमध्ये बॅरिस्टर झाले. मुंबईच्या उच्च न्यायालयातील ते पहिले भारतीय बॅरिस्टर होत.

हवेचा दाब मोजण्याच्या एका एककालाही 'बार' म्हणतात. समुद्रसपाटीवर हवेचा दाब सुमारे एक बार असतो. हे नाव ग्रीक 'बारोस' या शब्दावरून आले. 'बारोस' म्हणजे वजन. मग हा फारसी 'बार'चा भाऊ असेल, असे तुम्ही म्हणाल. पण नाही! भाषा अभ्यासकांच्या मते 'बारोस'चे नाते संस्कृत 'गुरु' या शब्दाशी आहे. 'गुरु' याचा मूळ अर्थ जड, वजनदार असाच आहे.

जर्मन भाषेत 'बार' म्हणजे रोख पैसे, तर प्राचीन आरामी भाषेत 'बार' म्हणजे मुलगा.

यावरून काय दिसते? 'बार' आणि 'बारोस' सारखे वाटतात, अर्थही जवळचे आहेत; पण ते परके निघाले. 'बारोस' आणि 'गुरु' यांत काहीच साम्य दिसत नाही. पण ते नातेवाईक ठरले. केवळ आवाजावरून शब्दांचे नाते ठरवू नये. उर्दू आणि मराठीत असे सारखे दिसणारे शब्द पुष्कळ आहेत. त्यांतला एखादा भेटला, की तो कोणत्या भाषेतून आला आणि मराठीत त्याचा अर्थ काय, हे शब्दकोशात पाहा. मग ओळखीचा शब्द तुम्हांला फसवणार नाही.