घाटावर, घाटाखाली: किशोरवयीन मुलांच्या ताणाचा अभ्यास

किशोरवयीन मुलांना कशाचा ताण येतो आणि त्या ताणाशी ती कसा सामना करतात, याचा मानसशास्त्रीय अभ्यास बहुतेक वेळा शाळेच्या वर्गात, एखाद-दुसऱ्या तासिकेत होतो. जागतिक आरोग्य संघटना 10 ते 19 हे वय किशोरवय मानते. 2011 च्या जनगणनेनुसार भारतात या वयाची सुमारे 25 कोटी 30 लाख मुले-मुली होती. एवढ्या मोठ्या गटाविषयी जे आकडे पुढे वापरले जातात, ते अखेर बाकावर बसून मुलांनी प्रश्नावलीत केलेल्या खुणांवर उभे असतात. ती खूण कोणत्या परिस्थितीत झाली, मुलाला प्रश्न काय कळला आणि खरे लिहिण्याइतका विश्वास त्याला वाटला का, यावर अभ्यासाचा कस ठरतो. पुढची संख्याशास्त्रीय गणिते कितीही अचूक असली, तरी इथे राहिलेली उणीव ती भरून काढू शकत नाहीत.

पहिला प्रश्न नमुन्याचा, म्हणजे कोणत्या मुलांना विचारायचे याचा. उदाहरण म्हणून विदर्भातला बुलढाणा जिल्हा घेऊ. त्यात 13 तालुके आहेत, पण जिल्ह्यातला माणूस त्यांची विभागणी दोनच शब्दांत करतो: घाटावर आणि घाटाखाली. बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार, मेहकर हे घाटावरचे तालुके. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर घाटाखालचे. जमीन, पाणी, पीक, रोजगार या सगळ्यांत दोन्हीकडे फरक पडतो, म्हणून शाळा निवडताना हा भेद धरणे शहाणपणाचे ठरते. शासकीय यादीतून चिठ्ठ्या टाकल्यासारख्या शाळा निवडल्या, तर मोठ्या गावांतल्या भरगच्च पटाच्या शाळांचे पारडे सहज जड होते. म्हणून आधी घाटावर-घाटाखाली, मग शहरी-ग्रामीण, मग मराठी, उर्दू आणि आश्रमशाळा असे स्तर पाडून प्रत्येक स्तरातून शाळा घेतल्या जातात.

तरीही शाळेतला अभ्यास शाळेत असलेल्यांचाच असतो. ऊसतोडीला किंवा पुण्या-सुरतेकडे कामाला गेलेल्या कुटुंबांची मुले त्या दिवशी हजेरीपटावर असतात, वर्गात नसतात. लग्न होऊन गेलेली मुलगी तर हजेरीपटावरही नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातील 20 ते 24 वयोगटातल्या 21.9 टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले आढळले. ज्यांच्यावर सर्वांत मोठा ताण असण्याची शक्यता आहे, त्याच मुली नमुन्यातून सर्वांत आधी गळतात. गावात जाऊन, आशा सेविकेच्या मदतीने घरोघरी यादी करून हा भाग भरून काढता येतो. त्याला वेळ आणि पैसा लागतो, आणि छोट्या प्रबंधांत नेमका हाच खर्च वाचवला जातो. असा प्रबंध ‘जिल्ह्यातील किशोरांविषयी’ बोलतो तेव्हा त्याने निदान ‘शाळेत जाणाऱ्या’ हे दोन शब्द जोडायला हवेत.

वेळही निवडावी लागते. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, त्यानंतर कापसाची वेचणी. या दिवसांत वरच्या वर्गांची हजेरी रोडावते. फेब्रुवारी-मार्च हा बोर्डाच्या परीक्षांचा काळ. परीक्षेच्या तोंडावर भरून घेतलेल्या प्रश्नावलीत चिंतेचे गुण चढेच येणार, आणि पावसाने दडी मारलेल्या ऑगस्टमध्ये तीच मुले वेगळी उत्तरे देणार. म्हणून चांगल्या अहवालात माहिती गोळा केल्याचा महिना ठळकपणे लिहिलेला असतो.

शाळा ठरल्या की परवानग्या. जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांचे पत्र, आश्रमशाळा असेल तर आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाची संमती, मुख्याध्यापकांचा होकार आणि विद्यापीठातल्या नीतिसमितीची मान्यता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांची संमती लागते आणि त्याशिवाय 12 ते 18 वयाच्या मुलाची स्वतःची लेखी अनुमतीही घ्यावी लागते. व्यवहारात पालकांचा कागद दप्तरातून घरी जातो आणि सही किंवा अंगठा होऊन परत येतो. कधी येतच नाही. मुलाचा होकार हा मात्र खरा कसोटीचा क्षण. वर्गशिक्षकांनी सांगितलेले काम नाकारता येते, ही कल्पनाच अनेक मुलांना नवी असते. नको असेल तर कोरा कागद परत द्या, कोणी काही विचारणार नाही, हे शब्द नुसते वाचून दाखवले तर कोणाचाही विश्वास बसत नाही. पहिल्या मुलाने कोरा कागद दिला आणि त्याला खरोखरच कोणी काही विचारले नाही, की बाकीच्यांना ते पटते.

साधन म्हणून अनेक ठिकाणी रॉबर्ट गुडमन यांनी 1997 मध्ये मांडलेली क्षमता व अडचणींची प्रश्नावली वापरतात. तिच्यात 25 विधाने आहेत: भावनिक त्रास, वर्तनाच्या तक्रारी, अतिचंचलता, सवंगड्यांशी संबंध आणि इतरांना मदत करण्याची वृत्ती, प्रत्येकाची पाच. प्रत्येक विधानाला 0, 1 किंवा 2 गुण. पहिल्या चार भागांची बेरीज 0 ते 40 मध्ये येते. 11 ते 17 वर्षांची मुले ती स्वतः भरू शकतात. सामना करण्याच्या पद्धतींसाठी चार्ल्स कार्व्हर यांची 1997 ची 28 विधानांची संक्षिप्त मापनश्रेणी प्रचलित आहे. तिच्यात नियोजन, आधार मागणे, धार्मिक आधार, विनोद, व्यसन, स्वतःला दोष देणे अशा 14 पद्धतींना प्रत्येकी दोन विधाने दिली आहेत.

ही साधने मराठीत आणताना एका जाणकाराने भाषांतर करायचे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचे आणि दोन्ही ताडून पाहायचे, ही रिचर्ड ब्रिस्लिन यांनी 1970 मध्ये रूढ केलेली रीत. ती आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. प्रमाण मराठीत निर्दोष उतरलेले विधान आठवीतल्या वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलापर्यंत पोहोचतेच असे नाही. ‘अस्वस्थ वाटते’ याचा अर्थ काही मुले ‘तब्येत बरी नाही’ असा घेतात. तेच मूल ‘मले करमत नाही’, ‘जीव घाबरते’, ‘डोकं जड होते’ असे सहज सांगते. ‘टेन्शन’ हा शब्द सर्वांना कळतो, पण त्यात भीती, राग, काळजी सगळेच मावते. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत कोरकू बोलणाऱ्या मुलांसाठी मराठी ही शाळेचीच भाषा असते. म्हणून मुख्य अभ्यासाआधी दहा-पंधरा मुलांना एकेक करून बसवतात, विधान वाचायला देतात आणि ‘यातून तुला काय कळलं, तुझ्या शब्दांत सांग’ एवढेच विचारतात. संपूर्ण कामात इतके उपयोगी दुसरे काही नसेल. प्रत्यक्षात कात्री लावली जाते ती बहुधा याच टप्प्याला.

प्रत्यक्ष तासिकेत आधी बाक लांब केले जातात. वर्गशिक्षकांना नम्रपणे बाहेर थांबण्याची विनंती होते. शिक्षक ओळींतून फिरत असले की ‘मोठ्यांचे ऐकतो’ या विधानाला सगळा वर्ग होकार देतो. नावाऐवजी सांकेतिक क्रमांक असतो. वाचनाचा वेग प्रत्येकाचा वेगळा, म्हणून विधाने मोठ्याने वाचली जातात. तीन-चार विधानांनंतर कोणीतरी शेजाऱ्याच्या कागदात डोकावतो, कोणी ‘सर, बरोबर उत्तर कोणतं?’ असे विचारतो. परीक्षेची सवय इतकी मुरलेली असते की बरोबर-चूक नसलेला कागद मुलांच्या पचनी पडायला वेळ लागतो. व्यसनाच्या विधानांपाशी मागच्या बाकांवर खसखस पिकते, मग शांतता. तंबाखूच्या पुड्या शाळेपासून दूर नसतात, हे सगळ्यांना माहीत असते. 2019 च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातील 13 ते 15 वयाच्या 8.5 टक्के विद्यार्थ्यांनी सध्या तंबाखू वापरत असल्याचे सांगितले होते. शिक्षक पाहतील या भीतीने भरलेल्या कागदात असा आकडा कधीच उमटत नाही. म्हणूनच शेवटी कागद मुलाने स्वतः लिफाफ्यात घालून पेटीत टाकायचा असतो.

मग गुणांकन. गुडमन यांच्या प्रश्नावलीत पाच विधाने उलट दिशेची आहेत. जवळचा एक तरी मित्र असल्याचे विधान त्यांपैकीच. त्यांचे गुण फिरवून घ्यावे लागतात. सरसकट ‘खरे आहे’ अशी खूण करत गेलेला कागद इथे उघडा पडतो. पुढे विश्वसनीयता तपासली जाते: एकाच भागातली विधाने परस्परांशी जुळतात का हे ली क्रॉनबॅक यांच्या 1951 च्या गुणांकाने, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा विचारल्यावर उत्तरे टिकतात का हे पुनर्चाचणीने.

सीमारेषेबाबत मात्र फार सावधगिरी हवी. मूळ सीमा ब्रिटनमधल्या मुलांवरून अशा ठरल्या की साधारण 80 टक्के मुले सामान्य, 10 टक्के काठावर आणि 10 टक्के त्रासात दिसावीत. त्या जशाच्या तशा मेहकर किंवा नांदुऱ्याच्या वर्गाला लावल्या, तर निघणारी टक्केवारी नेमकी कशाची, हे सांगता येत नाही. भारतातलेच दोन आकडे पाहावेत. गोव्यात 12 ते 16 वयाच्या 2,048 मुलांच्या अभ्यासात (2008 मध्ये प्रसिद्ध) मानसिक विकारांचे प्रमाण 1.81 टक्के आढळले. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटासाठी ते 7.3 टक्के आले. साधने, निकष आणि नमुने वेगळे असल्याने हे आकडे शेजारी ठेवून गोव्यातली मुले सुखी असा निष्कर्ष काढता येत नाही. चाळणी लावणाऱ्या प्रश्नावलीतून निघणारे प्रमाण तर बहुधा याहूनही मोठे असते, कारण ती निदान करत नाही; कोणाकडे नीट पाहायला हवे एवढेच सुचवते.

शरीरही आकड्यांत मिसळते. नैराश्याच्या बहुतेक प्रश्नावल्यांत थकवा, झोप आणि लक्ष न लागणे यांची विधाने असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या त्याच फेरीत भारतातील 15 ते 19 वयाच्या 59.1 टक्के मुलींना रक्तक्षय होता. सकाळी न खाता निघालेली, बसची वाट पाहत उभी राहिलेली, हिमोग्लोबिन कमी असलेली मुलगी ‘थकवा वाटतो’ ला होकार देते तेव्हा तो मनाचा की रक्ताचा, हे कागद सांगू शकत नाही. हिमोग्लोबिन तपासणीची जोड दिलेला अभ्यास म्हणूनच अधिक विश्वासार्ह.

सर्वांत कठीण भाग म्हणजे सामना करण्याच्या पद्धतींचा अर्थ लावणे. रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी 1984 मध्ये मांडले की माणूस आधी प्रसंग धोक्याचा आहे का ते जोखतो, मग आपल्या हातात काय आहे ते जोखतो, आणि त्यावरून एक तर अडचण सोडवायला जातो किंवा स्वतःच्या भावना सावरतो. पाठ्यपुस्तकी वाचनात पहिली पद्धत चांगली आणि टाळाटाळ वाईट ठरते. बुलढाणा हा शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या पश्चिम विदर्भातला जिल्हा आहे. पावसाचा खंड, सोयाबीनचा पडलेला भाव, बँकेचे आणि सावकाराचे देणे यांतले काहीही चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात नसते. घरात पैशावरून बोलणे निघाले की तो उठून मैदानावर जात असेल, तर श्रेणीवर ती टाळाटाळ दिसते. त्याच्या परिस्थितीत ते शहाणपण असू शकते. लाझारस-फोकमन यांचा मूळ विचारही हाच होता, की पद्धतीचे मोल प्रसंगावर ठरते. तो विसरून ‘ग्रामीण मुलांची सामना करण्याची क्षमता कमी’ असे लिहिणे हा मुलांवरचा अन्याय आहे.

घरकामाचेही तसेच. ग्लेन एल्डर यांनी ‘चिल्ड्रेन ऑफ द ग्रेट डिप्रेशन’ या 1974 च्या ग्रंथात 1920-21 च्या सुमारास जन्मलेल्या, ओकलंडमधील 167 मुलांचा मागोवा घेतला. मंदीत घरचे उत्पन्न कोसळल्यावर मुलगे बाहेर कामाला लागले, मुलींनी घर उचलले. एमी वर्नर यांनी हवाईतील काउआई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या मुलांवर केलेल्या दीर्घ अभ्यासातही, घराला खरोखर गरज असलेली मदत करणे हे मुलांना उभे करणाऱ्या गोष्टींपैकी एक आढळले. वेचणीला जाणारी किंवा धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी याच दोन चित्रांच्या मधे कुठेतरी असते. कामामुळे ती स्वतःला उपयोगी समजते की शाळा सुटल्याने मागे पडते, हे केवळ तासांच्या मोजणीने कळत नाही. त्यासाठी प्रश्नावलीनंतर काही मुलांशी सविस्तर मुलाखत लागते.

बुलढाणा जिल्ह्यातलीच अलीकडची एक घटना या वयाचे वेगळेपण स्पष्ट करते. डिसेंबर 2024 च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत डोक्याला खाज सुटून काही दिवसांत केस गळू लागले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक आले, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवले. बाधितांत विद्यार्थी आणि तरुण मुलीही होत्या. डेव्हिड एल्काइंड यांनी 1967 मध्ये सांगितले होते की किशोरवयात आपल्याकडे सतत कोणीतरी पाहते आहे असे मुलांना वाटत राहते. टक्कल पडलेल्या मुलीच्या बाबतीत तर लोक खरोखरच पाहत होते. अशा वेळी केस, रक्त आणि पाणी यांचे नमुने घेणाऱ्या पथकाबरोबर त्या मुलींशी बोलणारा माणूसही असायला हवा.

प्रश्नावलीत जगणे नकोसे वाटण्याविषयी विधान असेल, तर ते कागद त्याच दिवशी, शाळा सुटण्याआधी चाळावे लागतात. क्रमांक आणि नावे जोडणारी यादी वेगळी, कुलपात असते. ती अशाच वेळी उघडायची. गुप्ततेला ही मर्यादा आहे, हे मुलांना सुरुवातीलाच सांगितलेले असते. त्या मुलाशी प्रशिक्षित व्यक्ती एकांतात बोलते, मग पालकांशी, आणि गरज असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवले जाते. ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानस ही सेवा 14416 या क्रमांकावर मराठीतूनही उपलब्ध आहे. पाठवण्याची सोय आधी न करता हे विधान विचारणे कोणत्याही नीतिसमितीने मान्य करू नये.

शेवटी निष्कर्ष शाळेला परत दिले जातात: एकेका मुलाचे नव्हे, इयत्तेचे. ज्या वर्गात चार-पाचच मुली असतील, तिथे मुलींची वेगळी सरासरी छापत नाहीत. एवढ्या थोड्यांत कोणाचे गुण कोणाचे, हे गावाला ओळखता येते.