पावसाळ्यात तगेल तीच सक्युलंटची बाग

मोबाइलवर दिसणाऱ्या सक्युलंटच्या देखण्या बागा बऱ्याचदा कॅलिफोर्नियातल्या असतात. तिथला उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात आणि तोही बेताचा. ते फोटो बघून आपण काचेच्या बरणीत रंगीत खडे भरून इचेव्हेरिया लावतो आणि ऑगस्टमध्ये तिचा लगदा होतो. मेक्सिकोच्या डोंगरांत खडकाच्या कपारीत वाढणारं ते झाड, बुडाला भोक नसलेल्या बरणीत मुंबईचा श्रावण काढणार कसं? त्यामुळे आपल्याकडे सक्युलंटची कोणतीही कल्पना आधी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांच्या कसोटीला लावावी. सुंदर दिसतं का, हे त्यानंतर.

जाड पानांत, खोडांत पाणी साठवणाऱ्या या वनस्पतींचा दिनक्रमच वेगळा. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची छिद्रं उघडतात. यांतली पुष्कळशी मात्र ती रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा छिद्रं मिटून तो वापरायचा, म्हणजे उन्हात पाणी उडून जात नाही. याच्या पहिल्या काही सुगाव्यांपैकी एक भारतातल्या पानफुटीने दिला. बेंजामिन हाइन या वनस्पतीतज्ज्ञाने तिची पानं चाखून पाहिली, तर ती सकाळी आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळकडे कडसर लागली. त्याचं हे टिपण १८१५ साली लंडनमध्ये छापून आलं. तुम्ही मात्र हा प्रयोग करू नका. पानफुटीच्या गोतावळ्यात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात.

दिवाळी संपली की प्रत्येक घरात पणत्यांचा ढीग उरतो. यंदा तो माळ्यावर टाकू नका, त्या पणत्यांतच सक्युलंट लावा. तेल मुरलेल्या पणत्या सोडा घातलेल्या गरम पाण्यात उकळून घ्या, नाहीतर ती माती पाणी शोषत नाही. मग पणती भिजवून ड्रिलने हलक्या हाताने बुडाला भोक पाडा. ग्रॅप्टोपेटलम किंवा सेडमचं पान देठाच्या टोकासकट, अख्खं सुटेल असं काढा. अर्धवट तुटलेल्या पानाला मुळं फुटली तरी कोंब येत नाही. जखम सुकेपर्यंत दोन-तीन दिवस ते सावलीत ठेवा आणि मग पणतीतल्या भुसभुशीत मातीवर नुसतं टेकवा, पुरू नका. भाऊबीजेच्या सुमारास ठेवलेल्या पानाला संक्रांतीपर्यंत नखाएवढं रोप आलेलं असतं. प्लास्टिकच्या डब्या वाटण्यापेक्षा हळदीकुंकवाला हे वाण कितीतरी बरं.

कोकणातल्या जुन्या घरांची नळीची कौलं हल्ली वाडे पाडताना फुकट मिळतात. कौल उलटं ठेवलं की अर्धगोल पन्हळच तयार होते. दोन्ही टोकांना विटेचे तुकडे सैलसर लावायचे आणि कौल किंचित उतारावर ठेवायचं; पाणी आपोआप निथळतं. गॅलरीच्या भिंतीलगत अशी चार कौलं एकाखाली एक बसवून त्यांत हॉवर्थिया आणि गॅस्टेरिया लावले, तर कमी उजेडातही ते तग धरतात. कडक ऊन येणाऱ्या कठड्यावर मात्र चिनी गुलाब लावा. ऊन चढलं की फुलणारा हा ‘ऑफिस टाइम’ सक्युलंटच आहे, पण नर्सरीवाले त्याला सक्युलंटच्या महागड्या रांगेत ठेवत नाहीत.

माती हा खरा कळीचा मुद्दा. काळी माती चिकट, ती या झाडांना मारतेच. एक भाग माती, एक भाग मुरलेलं कंपोस्ट आणि दोन भाग विटांचे वाटाण्याएवढे तुकडे व धुतलेली जाड वाळू, हे मिश्रण आपल्या हवेला मानवतं. पाणी वारानुसार देऊ नये. बोट खुपसून माती आतपर्यंत कोरडी लागली तरच द्यावं. पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बोळ्याने पुसून काढा.

बाजारातलं लालभडक डोक्याचं कॅक्टस मी तरी घेणार नाही. त्या लाल गोळ्यात हरितद्रव्य नसतं, तो खालच्या हिरव्या खुंटाच्या जिवावर जगतो आणि ते कलम सहसा फार वर्षं टिकत नाही. त्यापेक्षा आपल्या आज्यांची निवड शहाणी होती. दारावर उलटी टांगलेली कोरफड मातीशिवाय महिनोन्‌महिने हिरवी राहते. दृष्ट लागत नाही की नाही ते सोडा, टांगत्या बागेचा असा सोपा नमुना दुसरा नाही. खिडकीच्या जाळीवर चौकोनी कांड्यांची कांडवेल चढवा. ज्याला आपण घरोघरी ब्रह्मकमळ म्हणतो, तेही अमेरिका खंडातल्या जंगलांत झाडांवर वाढणारं कॅक्टस आहे. म्हणूनच त्याला आपला पाऊस सोसतो. शेर आणि चिकाचा निवडुंग यांची कुंपणं शेताला ठीक, पण लहान मुलं असलेल्या घरात नकोत. त्यांचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते.

आणि सह्याद्रीचं स्वतःचं सक्युलंट आहेच: शिंदळ माकुडी. डालझेल या वनस्पतीतज्ज्ञाने १८६०च्या दशकात तिला मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रियर याच्यावरून ‘फ्रेरिया’ हे नाव दिलं. शिवनेरीसारख्या किल्ल्यांच्या कड्यांवर ती लोंबते. पावसाळ्यात पानं येतात आणि पाच पाकळ्यांची, काळपट लाल रंगावर पिवळा ठिपका असलेली फुलं लागतात. उन्हाळ्यात पानं गळून नुसत्या मांसल काड्या उरतात. महाराष्ट्राबाहेर ती निसर्गात कुठेच सापडत नाही. तिची काडी कुंडीत सहज मुळं धरते, टांगत्या कुंडीत तर ती शोभतेच. पण किल्ल्यावर ती दिसली तर फोटो काढा, काडी मोडू नका. घरासाठी हवी असेल तर नर्सरीत वाढवलेलंच रोप मागा आणि ते कुठून आणलं, हे विकणाऱ्याला जरूर विचारा.