ही फुलं रंगवलेली नाहीत, भट्टीत फुललेली आहेत!

परवा प्रदर्शनात एका काकूंनी माझ्या फुलदाणीवर बोट ठेवून विचारलं, "ही निळी फुलं किती बारीक ब्रशने काढलीस गं?" ब्रश लागलाच नाही, काकू! हे क्रिस्टलाइन ग्लेझ.

यात साधारण पाव हिस्सा झिंक ऑक्साइड असतं, बाकी मुख्यतः फ्रिट (दळलेली काच) आणि सिलिका. भट्टी १२६० अंशांच्या वर गेली की सगळं वितळतं. मग तापमान झटकन ११००च्या आसपास उतरवून काही तास तिथेच धरायचं. या वेळात झिंक आणि सिलिकाचे स्फटिक पंख्यासारखे पसरतात. थोडं कोबाल्ट घातलं की ते निळे होतात.

शिकताना घाम कुठे फुटतो?

🔹 ग्लेझ वाहतं. त्याला धरून ठेवणारं ॲल्युमिना इथे नावापुरतंच, कारण ते स्फटिकांची वाढ रोखतं. म्हणून प्रत्येक भांड्याखाली बैठक आणि ओघळ झेलायला ताटली हवीच. नंतर बैठक सुटी करून बूड घासायचं. बुडाला चिकटलेली ग्लेझची काच हात कापते. जाड हातमोजे आणि चष्मा विसरू नका.

🔹 तापमान. ते जास्त धरलं तर स्फटिक लांबट, कमी धरलं तर गोल. थोडक्या अंशांत नक्षी बदलते.

🔹 भट्टी. प्रोग्रॅम होणारा कंट्रोलर लागतोच. कॉइल जुन्या होत जातात, तसा कालचा प्रोग्रॅम आज तेच फळ देईल याची खात्री नाही. म्हणून दर फायरिंगची वहीत नोंद ठेवा.

नवशिक्यांनो, आधी छोट्या टेस्ट टाइल्सवर हात बसवा.

काही अडलं तर कॉमेंटमध्ये विचारा, जमेल तसं सांगते.