हिमालयाआधी सह्याद्री : दोन दिवसांची तालीम नेमकी कशासाठी?

मुंबई : जून २०२४ च्या पहिल्या आठवड्यात उत्तराखंडमधील उत्तरकाशी जिल्ह्यातील सहस्रतालच्या वाटेवर, बहुतांशी कर्नाटकातून आलेला २२ जणांचा चमू हिमवादळात सापडला. त्यांपैकी नऊ जणांना प्राण गमवावे लागले. चार हजार मीटरहून अधिक उंचीवर निसर्ग असा कोपला, तर कोणतीही तयारी पुरी पडेलच असे नाही. मात्र या दुर्घटनेने एक जुना प्रश्न नव्याने पुढे आणला. हिमालयात पहिल्यांदाच पाऊल ठेवणारा माणूस आपल्या पाठीवरच्या सामानाला कितपत ओळखतो?

उत्तर फारसे दिलासादायक नाही. नवे बूट प्रवासाच्या आदल्या आठवड्यात घेतले जातात, स्लीपिंग बॅग पहिल्यांदा उघडली जाते ती थेट बर्फाळ मुक्कामावर आणि तंबूच्या कोणत्या काठ्या कोणत्या खणात जातात याचा शोध अंधारात, बोटे बधिर झालेली असताना सुरू होतो. या अज्ञानाची किंमत कमी असते अशा ठिकाणी ते आधीच उघड व्हावे, यासाठी अनुभवी गिर्यारोहक मोठ्या मोहिमेपूर्वी एक छोटी, शनिवार-रविवारची भटकंती करतात. तिचा हेतू शिखर गाठण्याचा नसतो. सामान आणि शरीर यांची परीक्षा घेणे, इतकाच असतो.

या परीक्षेसाठी दुर्गम जागा लागत नाही. उलट ती नसावी. बिघाड झाला तर दोन-तीन तासांत गावात पोहोचता यावे, ही पहिली अट. मुंबई-पुणेकरांसाठी लोणावळा ते राजमाची आणि तेथून कोंदिवडेमार्गे कर्जत हा मार्ग या दृष्टीने जवळजवळ आदर्श म्हणावा लागेल. दोन्ही टोकांना रेल्वे स्थानके आहेत. पहिल्या दिवशी सुमारे १५ किलोमीटरची, फारशी चढण नसलेली लांब चाल. मुक्काम श्रीवर्धन आणि मनरंजन या जोडबालेकिल्ल्यांच्या कुशीतील उधेवाडीत. आणि दुसऱ्या दिवशी कोंढाणे लेण्यांजवळून घाटमाथ्यावरून थेट कोकणच्या पायथ्याशी नेणारी तीव्र उतरण. लांब चाल, मुक्काम आणि उतरण या तिन्ही कसोट्या एकाच फेरीत होतात. दिल्लीत राहणाऱ्यांना मसुरीच्या परिसरातील ३,०२२ मीटर उंचीचा नागटिब्बा, तर बेंगळुरूकरांना पश्चिम घाटातील परवानगी असलेल्या वाटा हेच काम करून देतात. हंगाम मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा बरा. पावसाळ्यातील सह्याद्री देखणा असला, तरी निसरडे कातळ आणि फुगलेले ओढे ही नवख्याच्या सरावाची जागा नव्हे.

ओझे, बूट आणि उतरण

सॅक भरण्याआधी प्रत्येक वस्तू वजनकाट्यावर ठेवावी, हा सल्ला अनेकांना अतिरेकी वाटतो. पण भरलेली सॅक शरीराच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याहून जड असू नये, हा ढोबळ संकेत मानला, तर ६० किलो वजनाच्या व्यक्तीला १२ किलोंत सारे बसवावे लागते. त्यातील तीन किलो तीन लिटर पाण्याचेच असतात. मग दुसरी जीन्स, स्टीलचा मोठा डबा, अर्धा किलोचा टॉवेल या गोष्टी आपोआप घरी राहतात. सॅकचा भार खांद्यांवर नव्हे, तर कमरेच्या पट्ट्यावर यायला हवा. खांद्याचे पट्टे ओझे पाठीला चिकटून ठेवण्यासाठी असतात. जड वस्तू पाठीलगत, मध्यभागी ठेवल्या की चालताना तोल मागे खेचला जात नाही. हे वाचून समजते, परंतु पटते ते पाचव्या किलोमीटरला.

बुटांची खरी परीक्षा चढणीवर नव्हे, उतरणीवर होते. बूट अर्ध्या अंगठ्याने जरी तोकडा असला, तरी उतरताना बोटे पुढे आदळतात आणि नखे काळी पडतात. दिवसभराच्या चालीने पाय किंचित सुजतात, म्हणून बूट संध्याकाळी आणि जाड मोजे घालूनच खरेदी करावेत. राजमाचीहून कोंदिवड्याकडे उतरताना टाचेला किंवा बोटांना जेथे चटका लागल्यासारखे वाटेल, तेथे त्याच क्षणी थांबून चिकटपट्टी लावणे, हेही एक कौशल्यच. गटातील इतरांना थांबवायचे कसे, या संकोचापायी ते टाळले जाते आणि संध्याकाळी फोड फुटलेला असतो. हिमालयात सहा दिवसांच्या वाटेवर दुसऱ्याच दिवशी फुटलेला फोड म्हणजे चार दिवसांची शिक्षा.

वाट शोधण्याचा सराव

लोणावळ्याहून राजमाचीकडे जाणारी मुख्य वाट मळलेली आहे. तरीही तिला फुटणाऱ्या ढोरवाटा आणि फाटे नवख्याला गोंधळात टाकू शकतात, आणि सरावासाठी तेच उपयोगी आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे यासाठी उत्तम. या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. समोच्चरेषा जेथे दाटीने आल्या तेथे चढ तीव्र, जेथे विरळ तेथे पठार, एवढे जरी डोळ्यांत बसले, तरी पुढची खिंड दिसण्यापूर्वीच ती कुठे असणार याचा अंदाज येऊ लागतो. होकायंत्राची सुई दाखवते ती चुंबकीय उत्तर आणि नकाशावरची खरी उत्तर यांतील फरक भारतात बहुतांश ठिकाणी एक-दोन अंशांपुरताच असल्याने येथील पदभ्रमंतीत तो फारसा आड येत नाही.

भ्रमणध्वनीतील जीपीएसला मोबाईल नेटवर्क लागत नाही; नकाशा आधी उतरवून घेतला असेल, तर ते जंगलातही चालते. पण थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. त्यामुळे पहिल्या दिवशी तासभर तरी फोन सॅकमध्ये ठेवून केवळ कागदी नकाशावर चालावे आणि मग फोन काढून आपला अंदाज किती चुकला ते पाहावे.

वेळेचा हिशेब मांडण्यासाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला नियम आजही वापरला जातो. सपाटीवर ताशी सुमारे पाच किलोमीटर आणि प्रत्येक ६०० मीटर चढाईला एक तास अधिक, असे त्याचे सोपे रूप. या हिशेबाने लोणावळा-राजमाची तीन तासांच्या थोडेसे वर जाते. पण हे गणित धडधाकट आणि हलक्या पाठीच्या माणसाचे आहे. पूर्ण ओझे आणि विश्रांती धरून बहुतेकांना पाच-सहा तास लागतात. आपला वैयक्तिक गुणक किती, हे या फेरीत कळले तर हिमालयातील प्रत्येक दिवसाचे नियोजन वास्तवाच्या जवळ येते.

रात्रीची कसोटी

दिवसाच्या चुका चालून भरून काढता येतात. रात्रीच्या चुका तशा भरून निघत नाहीत, म्हणून मुक्कामाला या तालमीत सर्वाधिक महत्त्व. तंबू एकदा उजेडात लावून, मोडून, पुन्हा केवळ डोक्यावरच्या विजेरीच्या प्रकाशात लावावा. दोऱ्या ताणण्यासाठी सरकवून घट्ट-सैल करता येणारी एक गाठ आणि न सरकणारा फास देणारी बोलाइन, एवढ्या दोन गाठी हातमोजे घालून बांधता आल्या, तरी पुष्कळ. पहाटे तंबूच्या आतून पाणी ठिबकलेले दिसले, तर तंबू गळतो असा निष्कर्ष लगेच काढू नये. बहुधा ती झोपलेल्यांच्या श्वासातील वाफ असते. हवा खेळती ठेवणारी झडप उघडी ठेवली की ती घटते.

स्लीपिंग बॅगवरील तापमानाचे आकडे हा सर्वाधिक गैरसमजाचा विषय. आयएसओ २३५३७ या मानकानुसार चाचणी झालेल्या बॅगेवर ‘कम्फर्ट’, ‘लिमिट’ आणि ‘एक्स्ट्रीम’ असे आकडे असतात. यातील पहिला आकडा निवांत झोपेचा आणि दुसरा अंग आखडून कशीबशी काढलेल्या रात्रीचा. तिसरा केवळ जीव वाचण्याचा. त्या तापमानाला शरीराचे तापमान घातक पातळीपर्यंत उतरण्याचा धोका असतो. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापला जातो तो अनेकदा हा तिसराच आकडा. खरेदी करताना पाहायचा तो पहिला.

आपल्याला किती थंडीची बॅग लागेल, याचा अंदाज घेता येतो. उंची दर हजार मीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. पायथ्याशी हजार मीटरवर रात्री १० अंश असतील, तर चार हजार मीटरवर ते उणे नऊ-दहाच्या आसपास जाणार. वारा आणि ओल यांचा हिशेब वेगळाच. अर्थात नुसती बॅग पुरेशी नसते. अंगाखाली दबलेला तिचा भर ऊब धरून ठेवू शकत नाही आणि जमीन उष्णता शोषत राहते. म्हणून खालची मॅट ही बॅगेइतकीच महत्त्वाची. राजमाचीच्या जानेवारीतील रात्रीही पातळ मॅटवर पाठ गार पडली, तर पुढचा निर्णय सोपा होतो.

सुती कपड्यांचा धडाही येथेच घ्यावा. घामाने भिजलेली सुती बनियन अंगावर ठेवून संध्याकाळच्या वाऱ्यात दहा मिनिटे बसले की हुडहुडी भरते. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने शरीराची उष्णता काढून घेते. शरीराचे अंतर्गत तापमान ३५ अंशांखाली गेले की वैद्यकीय परिभाषेत ती हायपोथर्मिया, आणि तिची सुरुवात बर्फातच व्हावी असे नाही. मुक्कामाला पोहोचताच कोरडे कपडे चढवण्याची सवय लावून घ्यावी.

चूल, पाणी आणि कायदा

गॅसचा छोटा डबा वापरण्यापूर्वी आणि नंतर वजन केला, की एका चहाला, एका खिचडीला किती इंधन लागते ते ग्रॅममध्ये समजते. हिमालयात हा आकडा वाढतो. साडेतीन हजार मीटरवर पाणी सुमारे ८८ अंशांनाच उकळते, त्यामुळे डाळ शिजतच नाही आणि इंधन जळत राहते. शिवाय ब्युटेन वायू उणे अर्ध्या अंशाखाली वाफ होण्यास नकार देतो. केवळ ब्युटेन भरलेला डबा राजमाचीत फुरफुरेल आणि गोठवणाऱ्या पहाटे मुका होईल; तेथे प्रोपेन किंवा आयसोब्युटेनचे मिश्रण लागते. तंबू बंद करून आत चूल पेटवणे मात्र कोठेही नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

येथे एक अडचण आहे आणि ती बहुतेकांच्या ध्यानी येत नाही. रेल्वेतून गॅसचे डबे, रॉकेल वा अन्य ज्वलनशील पदार्थ नेणे हा रेल्वे अधिनियम, १९८९ अन्वये गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. विमानातही त्यांना मनाई आहे. तेव्हा इंधन मुक्कामाजवळच्या शहरात घ्यावे किंवा चुलीची चाचणी घराच्या गच्चीवर उरकून उधेवाडीत गावकऱ्यांच्या घरी पिठलं-भाकरी जेवावी. दुसरा पर्याय अधिक रुचकर, यात वाद नाही. परदेशी चित्रफितींत दिसणारे फांद्या तोडून शेकोटी पेटवण्याचे ‘कौशल्य’ आपल्याकडे अप्रस्तुत आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार राखीव वनात विस्तव पेटवण्यावर निर्बंध आहेत. शिवाय कड्यांवर आग्या मोहोळे असतात आणि धुराने ती उठली, तर पळायला जागा मिळत नाही. काही संरक्षित किल्ल्यांवर व अभयारण्यांत रात्रीच्या मुक्कामालाच बंदी असते, त्यामुळे आधी चौकशी अनिवार्य. विनापरवाना उपग्रह-दूरध्वनी बाळगणेही भारतात बेकायदा आहे. त्याऐवजी शिट्टी जवळ ठेवावी. मिनिटाला सहा वेळा वाजवणे, मग मिनिटभर थांबणे, हा मदतीचा आंतरराष्ट्रीय संकेत होय. फोनला संपर्क असेल तर ११२.

पाणी एक मिनिट खळखळून उकळावे, दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटे. गाळणीने जिवाणू अडतात, विषाणू मात्र बहुतेक गाळण्यांतून निसटतात. पोकळ तंतूंची गाळणी एकदा गोठली तर आतून चिरते आणि बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून हिमालयात ती रात्री स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपावे लागते. ही सवयदेखील राजमाचीतच लावता येते.

एक गोष्ट सह्याद्री शिकवू शकत नाही, ती म्हणजे विरळ हवा. अडीच हजार मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ, झोपमोड अशा लक्षणांनी उंचीचा आजार सुरू होऊ शकतो आणि तंदुरुस्त माणूसही त्याला अपवाद नसतो. किंबहुना तंदुरुस्त माणूस भरभर चढतो, म्हणून अधिक सापडतो. तीन हजार मीटरच्या पुढे झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि लक्षणे बळावली तर खाली उतरावे, याला पर्याय नाही. ज्यांना याहून पुढे जायचे आहे, त्यांच्यासाठी दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट (स्थापना १९५४) आणि उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग (१९६५) येथे २८ दिवसांचे प्राथमिक अभ्यासक्रम चालतात.

कर्जतहून परतल्यावर त्याच रात्री सॅक जमिनीवर रिकामी करावी. वापरलेल्या वस्तू एकीकडे, न वापरलेल्या दुसरीकडे, आणि जे हवे होते पण नव्हते त्याची नोंद कागदावर. न वापरलेल्या ढिगातील प्रथमोपचार पेटी, शिट्टी आणि जास्तीचे गरम कपडे तेवढे परत सॅकमध्ये जातील, बाकीचे कपाटात. तंबू दमट असेल तर तो वाळत घालण्याआधी झोपू नये, कारण दमट गुंडाळलेल्या कापडाला चार दिवसांत बुरशी धरते.