आयरिश भाषेत भांडणारं गाव

आयर्लंडच्या पश्चिमेला, गॉलवे शहरातून समुद्राच्या कडेकडेने निघालं की थोड्याच वेळात स्पिडल हे गाव लागतं. या स्पिडलमध्ये आणखी एक गाव वसवलेलं आहे. नकाशावर ते सापडत नाही, पण तिथे घरं आहेत, दुकान आहे, पब आहे. त्याचं नाव रॉस ना रून. १९९६ सालापासून या गावात माणसं प्रेमात पडतात, एकमेकांना फसवतात, खूनसुद्धा करतात, आणि हे सगळं आयरिश भाषेत चालतं. ही आयरिश दूरदर्शनवरची गावाकडची मालिका. आठवड्याला दोन भाग, सप्टेंबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत.

यात एवढं थक्क होण्यासारखं काय, हे कळायला या भाषेची स्थिती बघावी लागते. आयर्लंडच्या राज्यघटनेनुसार आयरिश ही देशाची पहिली अधिकृत भाषा. शाळेत ती जवळपास सगळी मुलं शिकतात. २०२२च्या जनगणनेत पावणेएकोणीस लाखांच्या आसपास लोकांनी आपल्याला आयरिश येतं असं सांगितलं. शाळा-कॉलेजबाहेर ती रोज बोलणारे मात्र बहात्तर हजारांहूनही कमी. येणं आणि बोलणं यांच्यात केवढी दरी! पिढ्यान् पिढ्या मुलांनी ही भाषा शिकली ती व्याकरणाच्या तक्त्यांतून आणि पेग सेयर्स नावाच्या, बेटावर राहिलेल्या म्हातारीच्या आत्मकथेतून. १९३६ साली आलेलं ते पुस्तक मोलाचं आहे, पण गरिबी आणि मृत्यूंनी भरलेलं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना या भाषेत हसता-खिदळता येतं हे त्यातून कसं कळावं?

पश्चिम किनाऱ्यावरच्या 'गेल्टाख्त' म्हणजे आयरिशभाषक पट्ट्यात मात्र ही भाषा कधीच पुस्तकी नव्हती. तिथे लोक तिच्यातच शेळ्या-मेंढ्या हाकत, तिच्यातच उधारी मागत. दुखणं वेगळं होतं: हे जगणं पडद्यावर जवळपास दिसतच नव्हतं. मग लोकांनी हट्ट धरला. १९७० साली याच पट्ट्यातल्या, गॉलवेजवळच्या कॉनमारा भागातल्या तरुणांनी परवान्याशिवाय स्वतःचं रेडिओ केंद्र सुरू केलं. दोन वर्षांत सरकारला अधिकृत 'रेडिओ ना गेल्टाख्ता' काढावं लागलं. दूरदर्शनसाठी आणखी दोन तपं झगडावं लागलं. शेवटी मायकल डी. हिगिन्स सांस्कृतिक खात्याचे मंत्री असताना, ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी आयरिश भाषेची वाहिनी सुरू झाली. तीच आजची टीजी४. हे हिगिन्स पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले.

नव्या वाहिनीने पहिल्याच हंगामात मालिका आणली, हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. बातम्या आणि माहितीपट भाषेला मान मिळवून देतात. मालिका तिला संसार देते. नवऱ्याला घराबाहेर काढताना काय बोलायचं, डॉक्टरने वाईट बातमी कुठून सुरू करायची, पोराचं खोटं पकडल्यावर आईने आवाज किती चढवायचा, हे सगळं शाळेत आयरिश शिकलेल्या डब्लिनच्या माणसाला इथे कानावर पडतं. खाली इंग्रजी उपशीर्षकं असतात, त्यामुळे भाषा विसरलेलाही गोष्टीत अडकून राहतो. आणि गोष्टी काही सोवळ्या नाहीत. आयर्लंडमध्ये समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले गेले १९९३ साली. त्यानंतर फार काळ लोटला नव्हता, आणि या खेड्यात एक समलिंगी जोडपं राहतही होतं.

मला सगळ्यात मोहवते ती इथली बोलींची सरमिसळ. आयरिशच्या तीन मोठ्या बोली: उत्तरेकडची अल्स्टरची, मधली कॉनाख्टची, दक्षिणेची मन्स्टरची. "कसा आहेस?" एवढं विचारायलाही तिघांचे प्रश्न वेगवेगळे. लिखाणासाठी १९५८ साली प्रमाणरूप ठरलं, पण प्रमाणरूपात कुणी रागावत नाही. मालिकेचं गाव आहे कॉनमारातलं, तरी तिथे डोनेगॉलहून आलेला माणूस आपल्या उत्तरेच्या धाटणीत बोलतो, मन्स्टरचा माणूस आपल्या. कुणी कुणाची भाषा सुधारत नाही. प्रत्यक्षात हे आयरिशभाषक पट्टे एकमेकांपासून लांब, मधे इंग्रजी बोलणारा सगळा मुलूख. तिन्ही बोली एकाच पबमध्ये रोज शेजारी बसाव्यात, अशी जागा खऱ्या आयर्लंडमध्ये विरळाच. ती आधी कल्पनेत बांधावी लागली, मग विटा-लाकडांनी स्पिडलमध्ये.

आणि या खोट्या गावाने खरा रोजगार आणला. कॉनमारा म्हणजे खडकाळ जमीन. एकोणिसाव्या शतकातल्या महादुष्काळापासून तिथली तरुण माणसं बोटीत बसून अमेरिकेला, इंग्लंडला जात आली, आणि जाताना भाषाही सोबत गेली. मालिकेला लेखक लागतात, नट लागतात, तसेच सुतार, रंगभूषाकार, ध्वनिमुद्रक, कॅमेरावालेही. आयरिश येणं ही इथे कामाची गोष्ट झाली. दृश्य संपून कॅमेरा बंद झाला, की दिवा सरकवायला सांगणारा आणि सरकवणारा, दोघंही त्याच भाषेत बोलत असतात.