वल्हं पुढच्या हाती

विठ्ठलवाडी स्थानकाजवळून वाहणारी वालधुनी नदी आज होडी घालण्याजोगी उरलेली नाही. अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवमंदिराला लगटून ती खाली उतरते, वाटेत कारखान्यांचं आणि वस्त्यांचं सांडपाणी पोटात घेते आणि कल्याणच्या खाडीला मिळते. त्याच खाडीकाठी, दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी, शिवाजी महाराजांनी १६५७ नंतर आरमाराची जहाजं बांधायला घेतली. आरमाराचा हा वारसा सांगणाऱ्या परिसरात वल्हं कधी हातात न धरलेली माणसंच जास्त भेटतात.

वल्हवण्याचा लोकोत्सव त्यांना वल्ह्याची ओळख करून देऊ शकतो. त्यासाठी पुढे यायला हवेत ते निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरलेले लोक. अर्ज कसा लिहावा, परवानगीचा कागद कुठे अडतो आणि वर्गणीचा हिशेब कसा ठेवावा, हे त्यांना नोकरीने शिकवलेलं असतं. ओळखीही ताज्या असतात.

पण असा उत्सव एका माणसाच्या उमेदीवर उभा राहिला, तर तो त्याच्याबरोबरच थकतो. यावरचं उत्तर पुण्यात सापडतं. पूर्वीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या, म्हणजे आता विद्यापीठ झालेल्या सीओईपीच्या बोट क्लबचा ‘रेगाटा’ हा उत्सव १९२८ पासून चालत आला आहे. कयाकचा जलनृत्यासारखा खेळ आणि होड्यांच्या शिस्तबद्ध रचना पाहायला नद्यांच्या संगमाजवळ पुणेकर गर्दी करतात. हे सगळं विद्यार्थीच उभं करतात आणि पदवी घेऊन निघूनही जातात. दरवर्षी अनुभवी हात जातात, तरी उत्सव टिकतो, कारण वरच्या वर्गातला विद्यार्थी खालच्याला होडीत बसवून शिकवतो. जाण्याची तारीख आधीच ठाऊक असल्याने वारसदार घडवणं हा तिथे रोजच्या सरावाचाच भाग आहे.

केरळात अलप्पुळाची नेहरू ट्रॉफी नौकाशर्यत १९५२ पासूनची. तिथल्या लांबलचक सर्पनौकांमागे गावंच्या गावं उभी असतात. नौका गावाची असली की वल्हेकरी बदलले तरी शर्यत थांबत नाही.

कल्याणसारख्या ठिकाणी तारीख ठरवताना सुट्टीच्या आधी भरती-ओहोटी पाहावी लागते. खाडीचं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जोरदार असते, तर अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, ती बरीच मंदावते. नवशिक्यांसाठी हेच दिवस बरे. भरती पूर्ण होऊन पाणी जरा थांबतं, त्या वेळेभोवती कार्यक्रम बेतावा. कुठली वेळ धोक्याची, हे स्थानिक कोळी आणि नावाड्यांना अचूक ठाऊक असतं. त्यांना पहिल्या बैठकीपासून आयोजकांमध्ये घ्यावं आणि त्यांच्या कामाचे पैसेही द्यावेत.

शिकाऊ माणूस पाण्यात पडणारच. म्हणून आधी पाणी तपासून घ्यावं; ते अंगाला लागू देण्याजोगं नसेल, तर उल्हास नदीच्या वरच्या अंगाला स्वच्छ डोह शोधावा. प्रत्येकाच्या अंगावर मापाचं लाइफ जॅकेट हवं, पोहता येणाऱ्याच्यासुद्धा. सोबत बचावासाठी वेगळी होडी आणि काठावर रुग्णवाहिका हवी. महापालिका, पोलीस, अग्निशमन दल आणि खाडी असेल तर महाराष्ट्र सागरी मंडळ यांच्याकडे काही महिने आधीच जावं. पहिल्या वर्षी शर्यतीचा हट्ट नको. आई-मुलगी किंवा आजोबा-नातू जोडीने थोडं अंतर वल्हवून आले, तरी पुष्कळ झालं.

पहिलं वर्ष स्वतः पुढे राहून पार पाडावं. दुसऱ्या वर्षी तरुणांकडे सूत्रं द्यावीत आणि आपण परवानग्या सांभाळाव्यात. तिसऱ्या वर्षी परवानग्यांची फाइल, हिशेबाची वही आणि नावाड्यांचे फोन क्रमांकही सोपवून टाकावेत. ज्यांची निवृत्ती जवळ आली आहे त्यांनी निरोप समारंभाची वाट न पाहता येत्या भांगाच्या दिवशी दोन तरुणांना सोबत घेऊन खाडीवर जावं आणि तिथल्या नावाड्यांशी बोलणी सुरू करावीत.