गोटमारीतला ढोल फोनवर का फाटतो

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीकाठच्या गोटमारीतून, पांढुर्णा-सावरगावच्या त्या दगडफेकीच्या कल्लोळातून, भाच्याचा फोन आला की इकडं सौंसरात मला त्याचं बोलणं कळतं. ढोल मात्र पत्र्याचा डबा वाटतो. दोष नेहमी टॉवरचाच असतो असं नाही.

जुन्या जीएसएम फोनमध्ये आवाज जसाच्या तसा जातच नाही. 20 मिलिसेकंदांचा एकेक तुकडा, म्हणजे फ्रेम, घेतात. त्यात आवाजाची 160 मापं असतात. त्यांच्याऐवजी 260 बिटांचं वर्णन पाठवतात. पैकी 36 बिट घसा आणि तोंडाच्या पोकळीचा आकार सांगतात, आठ आकड्यांत. उरलेले 224 चार उपतुकड्यांना, प्रत्येकी 56. त्यातले 7 बिट सांगतात की आत्ताचा आवाज किती मापांपूर्वीच्या आवाजासारखा आहे, 40 ते 120 मापांच्या हद्दीत. 2 बिट त्या साम्याचा जोर सांगतात. बाकीचे 47 उरल्यासुरल्या खरखरीसाठी.

मला आवडते ती पुढची वाटणी. सगळे बिट सारखे लाडके नाहीत! 50 बिटांना कडेकोट संरक्षण, 132 ना बऱ्यापैकी, 78 ना काहीच नाही. ते 50 बिघडले तर फोन अख्खी फ्रेम टाकून देतो आणि आधीचीच पुन्हा वाजवतो. म्हणून रेंज गेली की माणूस यंत्रासारखा बोलतो.

ढोलाला घसा नसतो. हिशेब मात्र एकाच माणसाच्या घशाचा मांडलेला.